चाकांवरच्या घराचा वाटाड्या

अकोले तालुक्यात मुळा नदीवर पिंपळगाव खांडचे धरण आहे. धरणात पाणी साठले की कोतूळच्या वाटेवरचा एक पूल पाण्याखाली जातो आणि वर्षातले काही महिने तसाच राहतो. पाणी उतरले की तोच पूल पुन्हा वाहतुकीला मोकळा होतो. कोतूळच्या शाळकरी पोरालाही हे ठाऊक असते. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईला निघालेल्या तिघांना ते ठाऊक नव्हते. मध्यरात्र उलटून गेलेली, मुलूख अनोळखी, मोबाइलवर नकाशा लावलेला. नकाशाने पुलावरून जायला सांगितले आणि मोटार पाण्यात गेली. दोघे पोहत काठाला लागले, गाडी चालवणारा बुडाला.

मोटरहोमसाठी वाट दाखवणारे यंत्र कसे निवडावे, हा या पुस्तिकेचा विषय. अशा पुस्तिकेची सुरुवात पडद्याच्या आकारापासून किंवा किमतीपासून करता आली असती. पण त्या रात्री जे घडले त्यात या विषयाचा गाभा आहे, आणि तो आधी नीट समजून घेतला तर पुढची प्रकरणे वाचताना कशाला किती महत्त्व द्यायचे ते आपोआप कळेल. गाडी कुठे आहे हे सांगणे उपग्रहांचे काम, आणि ते आजकालच्या साध्या मोबाइलमध्येही काही मीटरच्या फरकाने होते. पूल नकाशात होता, जागेवरच होता. त्या नकाशाला महिना तेवढा माहीत नव्हता.

यंत्राला दोन वेगळ्या गोष्टी ठाऊक असाव्या लागतात, हे बहुतेक ग्राहकांच्या लक्षात येत नाही. पहिली, आपण कुठे आहोत. दुसरी, इथून पुढे वाट कशी आहे. पहिली गोष्ट आकाशातून कळते. अमेरिकेचे जीपीएस उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत वेळ सांगत फिरत असतात. प्रत्येकाचा संदेश पोचायला किती वेळ लागला यावरून त्याचे अंतर निघते. किमान चार उपग्रहांची अंतरे जुळली की आपली जागा सापडते. प्रकाश एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात ३०० मीटर जातो, म्हणून हा सगळा डोलारा आण्विक घड्याळांवर उभा आहे. ही यंत्रणा १९९५ मध्ये पूर्ण क्षमतेने सुरू झाली. मात्र सर्वसामान्यांना मिळणाऱ्या संकेतात मुद्दाम चूक मिसळलेली असे. ती अमेरिकेने मे २००० मध्ये काढून टाकली आणि मगच मोटारीत वापरण्याजोगी अचूकता लोकांच्या हाती आली. आज रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ, चीनचे बेइदोऊ आणि आपले नाविक असे सगळे संकेत एकच चिप ऐकू शकते.

नाविकबद्दल दोन शब्द, कारण दुकानात त्याचे नाव हमखास निघते. सात उपग्रहांची ही भारतीय मालिका. पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये गेला. तिचे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर, आपल्या देशाच्या माथ्यावर राहतील असे ठेवलेले आहेत. रतनवाडीसारख्या डोंगरांनी वेढलेल्या जागी क्षितिजालगतचे उपग्रह कड्याआड जातात, तिथे माथ्यावरच्या उपग्रहाची मदत होते. पण पहिल्या पिढीतल्या काही उपग्रहांची घड्याळे बंद पडली. मे २०२३ मध्ये एनव्हीएस-०१ हा देशी घड्याळ असलेला नव्या पिढीचा उपग्रह गेला, तरी मालिका पूर्ववत व्हायला वेळ लागतो आहे. म्हणून फक्त नाविक आहे म्हणून यंत्र घेऊ नये आणि नाविक नाही म्हणून चांगले यंत्र नाकारूही नये. अनेक मालिकांचे उपग्रह आणि शक्यतो दोन वारंवारतांचे, म्हणजे एल-१ आणि एल-५ असे दोन्ही संकेत घेणारे यंत्र असावे. कड्यावर आपटून परतलेला संकेत जागा चुकवतो आणि दोन वारंवारता असल्या की ती चूक कमी होते. आकाशाचा भाग एवढ्यावर मिटला. त्यापलीकडे अचूकतेसाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण मोटरहोमवाल्याला नाही.

खरा प्रश्न जमिनीचा आहे, आणि नगर जिल्ह्याइतका तो क्वचितच कुठे अवघड असेल.

अहिल्यानगर, म्हणजेच नगर, हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा, चौदा तालुक्यांचा. पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्यावर कळसूबाई, १६४६ मीटर, राज्यातले सर्वांत उंच शिखर. तिथल्या घाटघरला इतका पाऊस की लोक त्याला नगरची चेरापुंजी म्हणतात. पूर्वेला पाथर्डी, जामखेड, कर्जतकडे पर्जन्यछाया आणि दुष्काळ. एका टोकाचे पाणी दुसऱ्या टोकाला नेण्यासाठी इथे शंभर वर्षे धरणे आणि कालवे बांधले जात आहेत. भंडारदऱ्याचे विल्सन धरण १९२६ मधले. त्यानंतर मुळा धरण, जायकवाडीचा फुगवटा, कुकडीचे कालवे, निळवंडे. निळवंडेच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण तर ऑक्टोबर २०२३ मधले. या प्रत्येक कामाने जुन्या वाटा तोडल्या, बुडवल्या, वळवल्या आणि नव्या निर्माण केल्या. शेवगाव-नेवाशाकडे जायकवाडीच्या नाथसागराच्या फुगवट्याने जुने रस्ते पोटात घेतले. पाणी मागे हटले की ते दिसू लागतात, आणि उन्हाळ्यात काढलेल्या हवाई छायाचित्रात तर अगदी ठसठशीत दिसतात. छायाचित्रावरून नकाशा रेखणाऱ्याला ती रेघ कोणत्या महिन्याची आहे हे कळायला मार्ग नसतो.

कालव्याच्या कडेचा रस्ता ही दुसरी गोम. पाटाच्या बांधावरून पाटबंधारे खात्याची जीप जावी म्हणून मुरमाची वाट ठेवलेली असते. नकाशात ती छान सरळ दिसते, मैलोन्‌मैल वळण नाही, वाहतूक नाही. कमीत कमी अंतराचा मार्ग शोधणाऱ्या यंत्राला ती फार आवडते. श्रीगोंद्यात, राहुरीत, श्रीरामपुरात अशा वाटांवर मोटारसायकल आणि ट्रॅक्टर आरामात जातात. सात मीटर लांबीची गाडी एकदा आत शिरली की एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस, आणि वळायला जागा नाही. पुढे एखादे गेट बंद असले तर तेवढे सगळे अंतर मागे मागे यायचे. शिवरस्ते आणि पाणंद रस्ते यांचे तेच. दोन गावांच्या शिवेवरची ही वाट कागदोपत्री रस्ता असते, नकाशातही असते, पण पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल होतो आणि अतिक्रमणाने ती कुठे बैलगाडीपुरतीच उरलेली असते.

फरशी पुलांचे वेगळे सांगायला हवे. ओढ्यावर काँक्रीटची फरशी टाकलेली, कठडे नाहीत, पाणी आले की वरून वाहते. जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात ओढा वर्षातले दहा महिने कोरडा असतो, त्यामुळे चालकाला त्याची भीतीच वाटत नाही. वरच्या अंगाला ढगफुटीसारखा पाऊस झाला की तोच ओढा तासाभरात फरशीवरून जातो. घोटाभर वाहते पाणीही फसवे असते. मोटरहोमला उंच, सपाट अंग असल्याने पाण्याचा आणि वाऱ्याचा रेटा तिला लहान मोटारीपेक्षा जास्त लागतो. फरशी पूल कुठे आहेत हे वेगळ्या खुणेने दाखवणारे यंत्र बाजारात मिळेल अशी आशा धरू नये. ती खूण आपणच करायची आहे. त्यासाठी स्वतःच्या खुणा साठवू देणारे यंत्र लागते.

इथेच या पुस्तिकेचे म्हणणे सांगून टाकतो. यंत्र निवडताना ते किती जाणते हे पाहण्यापेक्षा, त्याला न कळणारी गोष्ट आपण त्यात किती सहज भरू शकतो हे पाहावे. आपल्या गाडीची उंची, रुंदी, वजन भरता येते का? हा रस्ता नको, असे बोटाने दाखवून सांगता येते का? मधले एखादे गाव धरून मार्ग त्या गावावरूनच न्यायला लावता येतो का? फाट्यावरच्या चहावाल्याने सांगितलेली गोष्ट तिथल्या तिथे खूण करून ठेवता येते का? या चार प्रश्नांना होकार देणारे स्वस्त यंत्र, नकार देणाऱ्या महागड्या यंत्रापेक्षा नगर जिल्ह्यात जास्त उपयोगाचे.

ऑनलाइन नकाशे खूप काही जाणतात, हे खरे. पण त्यांचे ज्ञान येते कुठून? मोठा हिस्सा रस्त्यावरून जाणाऱ्या इतर मोबाइलांकडून. पुणे-नाशिक रस्त्यावर चंदनापुरी घाटात गाड्या थबकल्या की पडदा लाल होतो, कारण शेकडो मोबाइल तिथे थबकलेले असतात. अकोले तालुक्यात डोंगरातल्या साम्रदच्या रस्त्यावर दरड आली तर? तिथे मोबाइलही थोडे आणि रेंजही तुटक. लाल रंग दिसत नाही याचा अर्थ रस्ता मोकळा आहे असा घेता येत नाही. तिकडे कोणी गेलेलेच नसेल. आणि जो पूल पाणी नसताना महिनोन्‌महिने बिनबोभाट वापरला जातो, तो यंत्राच्या लेखी खात्रीचा रस्ताच ठरणार. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून मोटार कोसळून तिघे गेले, तिथेही नकाशात रेघ होती आणि जमिनीवर पूल अपुरा होता. ज्या वाटेने माणसे कमी जातात तिथे यंत्राचे शब्द त्याच प्रमाणात कमी खात्रीचे धरावेत. मोटरहोमवाले तर गर्दी टाळून अशाच वाटांना लागतात.

नगर जिल्ह्याला चाकांवरचे, पाठीवरचे, घोड्यावरचे घर नवे नाही. पारनेर-संगमनेरच्या पठारावरचे धनगर आपला वाडा घेऊन मेंढरांमागे कोकणात उतरत आले आहेत. पाथर्डी, शेवगाव, जामखेडची ऊसतोड कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर भांडीकुंडी, पोरे, शेळ्या गाडीत घालून कारखान्याच्या वाटेला लागतात. पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांच्या यात्रेत भटक्यांचे मेळे जमतात, गाढवांचा बाजार भरतो. ही माणसे हौसेने घर हलवत नाहीत, पोटासाठी हलवतात, त्यांची आणि सुट्टीला निघालेल्या कुटुंबाची बरोबरी करणे मला मान्य नाही. पण घर घेऊन चालणाऱ्याने वाटेला काय विचारायचे असते, ते त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे. पाणी कुठे, रात्रीचा तळ कुठे, चारा कुठे, कोणत्या गावाने मागच्या वर्षी थांबू दिले नाही, कोणता ओढा कधी भरतो. वाटेची ही माहिती ऋतूसकट लक्षात ठेवलेली असते. ठिकाण आणि अंतर एवढेच त्यात नसते. आपले यंत्र त्या जातीचे व्हायला हवे.

आता गाडीकडे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि त्यानंतर टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेल्या, भाड्याने मिळणाऱ्या गाड्या राज्याच्या रस्त्यांवर दिसू लागल्या. काही जण स्वतःची गाडी बांधून घेतात. त्यासाठी मोटर कॅराव्हॅन म्हणून प्रमाणपत्र आणि आरटीओची नोंद लागते, नुसते गादी-ओटा बसवून भागत नाही. वाटेच्या दृष्टीने महत्त्वाची असते ती गाडीची उंची. मूळ कागदावरची उंची विसरून जावी. छतावरचा एसी, सोलर पॅनेल, हवेचे झाकण, सामानाचा सांगाडा धरून टेप लावून मोजावे. अशी गाडी सहज तीन मीटरच्या घरात जाते. मनमाड-दौंड लोहमार्ग जिल्ह्याच्या पोटातून जातो, कोपरगाव, पुणतांबा, बेलापूर, राहुरी, नगर. रेल्वे फाटके बंद करून केलेल्या भुयारी मार्गांपाशी लोखंडी कमान असते, ती उंच गाड्या अडवण्यासाठीच. पावसात अशा काही मार्गांत पाणी तुंबते ते वेगळेच. गावातली स्वागत कमान, आडवी आलेली विजेची तार, रस्त्यावर वाकलेली वडाची फांदी, या कशाचीही नोंद नकाशात नसते. मोजलेल्या उंचीत वितभर वाढवून तो आकडा यंत्रात भरावा आणि एका पट्टीवर लिहून चालकाच्या डोळ्यासमोर चिकटवावा.

परदेशात राहणारी मराठी कुटुंबे सुट्टीला मोटरहोम भाड्याने घेतात, त्यांना गार्मिनची कॅम्पर मालिका किंवा टॉमटॉमचे गो कॅम्पर ठाऊक असते. गाडीची मापे भरली की ही यंत्रे ठेंगणे पूल आणि वजनबंदीचे रस्ते टाळून मार्ग काढतात. ब्रिटनमध्ये कमी उंचीच्या पुलावर आकडा लिहिलेला असतो, तो नकाशात चढतो, यंत्र तो वाचते. म्हणून भाऊ किंवा मुलगी तिकडून असे यंत्र भेट म्हणून आणते. यंत्र उत्तमच असते. पण मापे भरायची सोय यंत्रात असणे ही अर्धी गोष्ट. त्या मापांशी ताडून पाहायला नकाशात पुलांच्या उंच्या हव्यात. युरोपचा नकाशा काढून भारताचा घातला की ती दुसरी अर्धी गोष्ट सोबत येईल असे गृहीत धरू नये. खात्री करायची असेल तर आपल्या ओळखीची, लोखंडी कमान असलेली भुयारी वाट मधे पडेल असा मार्ग यंत्राला विचारावा. तिथून जायला सांगितले तर समजून घ्यावे.

मग घ्यावे काय? पर्यायांची सविस्तर तुलना पुढच्या प्रकरणांत आहे, इथे माझा कल तेवढा सांगतो. स्वतंत्र नेव्हिगेटर, डॅशबोर्डात बसणारा अँड्रॉइड स्टिरिओ, टॅब्लेट आणि मोबाइल, असे चार मार्ग आहेत. नगरसारख्या मुलखासाठी सिमकार्ड असलेला किंवा नसलेला एक जुजबी टॅब्लेट केवळ नकाशासाठी राखून ठेवावा, त्यात उपग्रहांचे संकेत घेणारी चिप आहे याची खात्री करून. काही स्वस्त, फक्त वायफायवर चालणाऱ्या टॅब्लेटमध्ये ती नसते. त्यात ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर चालणारे आणि संपूर्ण राज्याचा नकाशा आधीच उतरवून घेता येणारे ॲप ठेवावे. अशा ॲपांपैकी ओस्मअँडमध्ये गाडीची मापे भरता येतात, एखादा रस्ता बंद म्हणून टाकता येतो, स्वतःच्या खुणा गटवार साठवता येतात. सोबत मोबाइलवर गूगल किंवा मॅपल्स असावे, मोठ्या रस्त्यांवरची वाहतूक पाहण्यासाठी. दोघांनी दाखवलेला मार्ग जुळला नाही तर जिथे फरक पडतो ते गाव नोंदवून तिथे पोचण्याआधी थांबायचे. गाडी चालू असताना दोन पडद्यांत निवाडा करू नये.

ऊन हा आपल्याकडे दुर्लक्षित मुद्दा. एप्रिल-मे महिन्यांत नगर-कर्जतकडे पारा चाळीशी ओलांडतो, आणि काचेमागे त्याहून कितीतरी जास्त. मोबाइल तापला की आधी पडदा मंद करतो आणि मग बंद पडतो, नेमका भर दुपारी अनोळखी फाट्यावर. काचेला चिकटवलेली रबरी वाटी उन्हात सुटते. म्हणून यंत्र एसीच्या झोताजवळ, स्क्रूने बसवलेल्या पकडीत असावे आणि चार्जरची तार इंजिनाच्या बॅटरीवरून यावी. घराची बॅटरी फ्रिज-पंख्यांसाठी राहू द्यावी. पडदा सात इंचांहून लहान नको. पण तो चालकाचा समोरचा रस्ता झाकेल इतका मोठाही नको. ऑक्टोबर २०२० पासून मोटार वाहन नियमांनी चालकाला हातातले उपकरण केवळ मार्ग पाहण्यासाठी वापरू दिले आहे, तेही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. शेजारी बसलेल्याने यंत्र पाहावे आणि चालकाने ऐकावे, ही रीत मला सर्वांत निर्धोक वाटते. घेण्याआधी दुकानात यंत्राचा आवाज ऐकून पाहावा. गावांची नावे ओळखू येतील अशी उच्चारता येत नसतील, तर राजूर आणि राहुरी यांत गोंधळ व्हायला वेळ लागत नाही.

दुकानात 'जीपीएस' मागितले तर तीन वेगवेगळ्या वस्तू पुढे येऊ शकतात, हेही लक्षात ठेवावे. एक वाट दाखवते. दुसरी गाडी कुठे आहे हे मालकाला कळवते. भाड्याच्या प्रवासी वाहनांना सक्तीची केलेली, संकटाचे बटण असलेली पेटी या दुसऱ्या जातीची. तिचा चालकाला वाट शोधायला काही उपयोग नाही. तिसरी वस्तू उपग्रहामार्फत निरोप पाठवते, परदेशातले गिर्यारोहक ती बाळगतात. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ती वापरता येत नाही, अशी यंत्रे घेऊन आलेल्या परदेशी पाहुण्यांची विमानतळांवर चौकशी आणि धरपकड झालेली आहे. परदेशातून भेट आणणाऱ्याला हे आधीच कळवावे. नुसते संकेत घेणाऱ्या नेव्हिगेटरला अशी अडचण नाही.

नकाशाची तारीख विचारल्याशिवाय यंत्र घेऊ नये. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि पूर्ण ७०१ किलोमीटर जून २०२५ मध्ये. नगर शहरातला उड्डाणपूलही २०२२ मधला. समृद्धी सुरू होण्याआधीचा नकाशा असलेले यंत्र कोपरगावाजवळ शेतातून गाडी चालली आहे असे दाखवत राहील. राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलून गेले. कल्याण-नगर-पाथर्डी रस्ता आधी २२२ होता, आता ६१ आहे. पुणे-नाशिक ५० चा ६० झाला. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, त्याआधीच शेजारचे औरंगाबाद छत्रपती संभाजीनगर झाले. यंत्रात नवे नाव सापडले नाही तर जुने टाकून पाहावे, पाट्यांवर मात्र नव्याची अपेक्षा ठेवावी.

गावांच्या नावांनी फसगत होते ती याहून जास्त. टाकळी म्हणावे तर पारनेरात टाकळी ढोकेश्वर, राहुरीत टाकळी मियाँ, श्रीरामपुरात टाकळीभान, नगर तालुक्यात टाकळी काझी. पिंपळगाव म्हणावे तर अकोल्यात खांड, नगर तालुक्यात माळवी, श्रीगोंद्यात पिसा, आणि शेजारच्या जिल्ह्यांत जोगे आणि बसवंत. बेलापूर टाकले तर यंत्र नवी मुंबईकडे तोंड करू शकते. म्हणून नावासोबत तालुका तपासावा आणि मुक्कामाची जागा अक्षांश-रेखांशाने साठवावी. नगर शहर साधारण १९.०९ उत्तर, ७४.७४ पूर्व. हे दशांशातले आकडे आहेत. कोणी १९.०९ हे १९ अंश ९ मिनिटे असे भरले तर ठिकाण सहा-सात किलोमीटर उत्तरेला सरकते. जागा पाठवणाऱ्याकडून आकडे कोणत्या पद्धतीचे आहेत ते विचारून घ्यावे.

डोंगरातल्या ठिकाणांना आणखी एक खोड आहे. हरिश्चंद्रगडावर रस्ता जात नाही. गडाची खूण यंत्रात टाकली की ते तिथून सरळ रेषेत सर्वांत जवळचा रस्ता शोधते. तो अकोल्यातल्या पाचनईचा असेल, जुन्नरमधल्या खिरेश्वरचा असेल किंवा कोकणकड्याच्या पायथ्याशी, ठाणे जिल्ह्यातलाही असेल. सरळ रेषेत चार-पाच किलोमीटर, मधे शेकडो मीटरचा उभा कडा, आणि चुकले तर घाट उतरून-चढून अर्धा दिवस. साम्रदच्या सांधण दरीचे आणि घाटघरच्या कोकणकड्याचे तसेच. इथे ठिकाणाऐवजी पायथ्याचे गाव टाकावे. कळसूबाईसाठी बारी, गडासाठी पाचनई, दरीसाठी साम्रद. भंडारदऱ्याला जाताना शेंडी गावापर्यंतचा मार्ग यंत्राने घ्यावा आणि पुढचा शेंडीत विचारून. काजव्यांच्या दिवसांत, मे अखेर ते जून, इथल्या अभयारण्यातल्या रात्रीच्या वाहतुकीवर वनखाते बंधने घालते, आणि ती दरवर्षी सारखीच असतील असे नाही.

एका गोष्टीपुरते तर कोणतेच यंत्र कामाचे नाही. गळीत हंगामात, दिवाळी ते उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर चालतात. प्रवरा, संगमनेर, कोपरगाव, नेवासा, श्रीगोंदा, जिकडे कारखाना तिकडे. मागे दिवा नाही, परावर्तक नाही, साईडपट्टी खचलेली. पडद्यावर रस्ता निळा आणि मोकळा दिसतो. या महिन्यांत साखर पट्ट्यातून रात्री मोटरहोम चालवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. यंत्रात पोचण्याची वेळ अंधारानंतरची दाखवली की अलीकडच्या गावात मुक्काम धरावा. घर सोबत असल्याचा हा सर्वांत मोठा फायदा, आणि नवखे लोक नेमका तोच विसरतात.

पुस्तिकेच्या शेवटी तालुकावार कोरी पाने ठेवली आहेत. निघण्याआधी संगमनेरला किंवा नगरला नकाशा उतरवून घेताना, मुक्कामाच्या गावातल्या कोणाला तरी फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात: या महिन्यात कोणता पूल बंद आहे, एसटीची मोठी गाडी कोणत्या रस्त्याने येते, आणि पाणी कुठे भरता येईल. एसटी ज्या रस्त्याने येते तो रस्ता मोटरहोमला बहुधा चालतो, ही जिल्ह्यातली सर्वांत भरवशाची कसोटी. उत्तरे पानावर महिन्यासकट लिहावीत आणि यंत्रात खुणा करून ठेवाव्यात. परत आल्यावर त्यांतले जे कायमचे आहे, म्हणजे कमानीची उंची, कालव्यावरचे बंद गेट, नवा पूल, ते ओपनस्ट्रीटमॅपवर चढवावे. तिथे कोणालाही मोफत खाते उघडता येते आणि पुलाच्या उंचीसाठी, हंगामी वाटेसाठी ठरलेले रकाने आहेत. अकोले आणि पारनेर तालुक्यांतले असे बरेच रकाने अजून भरायचे आहेत. ते कसे भरावेत हे सातव्या प्रकरणात पायरीपायरीने दिले आहे.